कामावर हात गेला, तर दिवस कसे मोजतात?



दिवाळी आटोपून कापसाची आवक वाढली, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी या बाजूंच्या जिनांतले रेचे घरघरू लागतात. सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे. गावोगावच्या मजुरांना तीन-चार महिने हमखास रोजी मिळते. पण जिथे फिरती यंत्रे आहेत, पट्टे आहेत, तिथे कधी ना कधी कोणाचे बोट सापडते, कोणाचा पंजा चिंबतो. मग गावात दोनच शब्द ऐकू येतात. जखम बरी झाली तर लोक म्हणतात, "वाचला बिचारा." बरी झाली नाही तर म्हणतात, "अपंग झाला." वाचला आणि अपंग झाला, या दोन शब्दांच्या मध्ये आणखी काही असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

कायद्याला मात्र येवढ्यावर भागत नाही. कायदा विचारतो, हात किती दिवस बंद होता? तो पुन्हा चालू होणार की नाही? आणि चालू झाला नाही, तर माणसाची कमावण्याची ताकद किती घटली? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर घरात किती पैसा येणार ते ठरते. म्हणून आज त्या उत्तरांविषयी बोलायचे आहे. शिक्षक मंडळींनीही हे जरा कान देऊन ऐकावे, कारण गावातला कागद शेवटी वाचायला येतो तो त्यांच्याकडेच.

कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. पुष्कळ वर्षे त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. २०१० साली त्याच्या नावात कामगाराच्या जागी कर्मचारी हा शब्द आला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला आहे. नाव बदलले, पुस्तक बदलले. पण दिवस मोजण्याची रीत बरीचशी तीच राहिली आहे.

ही रीत अशी. जखमेमुळे माणूस तीन दिवसांपर्यंतच कामाला मुकला, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. किरकोळ खरचटले, दुसऱ्या दिवशी गडी कामावर आला, तर तो हिशेबात धरायचा नाही, असा यातला हेतू. आता तीन दिवसांहून अधिक, पण अठ्ठावीस दिवसांहून कमी काळ हात बंद राहिला, तर पहिले तीन दिवस सोडून पुढच्या दिवसांचे पैसे मिळतात. आणि अठ्ठावीस दिवस किंवा त्याहून जास्त काळ बंद राहिला, तर अगदी पहिल्या दिवसापासूनचे पैसे मिळतात.

उदाहरण घेऊ. एकाचा हात वीस दिवस बांधलेला होता. त्याला सतरा दिवसांचे पैसे. दुसऱ्याचा तीस दिवस बांधलेला होता. त्याला तीसही दिवसांचे. म्हणजे सत्तावीस आणि अठ्ठावीस यांत फरक एका दिवसाचा दिसतो, पण हिशेबात तो चार दिवसांचा पडतो. म्हणून "आता बरा आहे, कामाला हरकत नाही" हा शेरा कागदावर कोणत्या तारखेला पडला, याला फार महत्त्व आहे. टाके काढल्याबरोबर, मूठ अजून वळतही नसताना, हंगाम जोरात आहे म्हणून गडी कामावर गेला, तर त्याचे दिवस तिथेच थांबतात. मूठ वळायला लागणारा पुढचा महिना मग त्याचा त्यालाच सोसावा लागतो.

हे पैसे किती? अशा तात्पुरत्या असमर्थतेत दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा द्यायचा असतो. महिन्याला बारा हजार पडत असतील, तर पंधरवड्याला तीन हजार, म्हणजे महिन्याला सहा. निम्म्या मजुरीत घर चालवायचे आहे, हे उघड आहे. पण ज्या घरात दुसरी कमाई नाही, त्या घरात निम्मी मजुरी आणि शून्य यांत काय अंतर असते, ते तुम्हाला सांगायला नको. अशी रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षेपर्यंत देता येते. औषधपाण्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च निराळा, आणि तोही मालकाकडेच येतो.

आता दुसरा प्रश्न. हात पुन्हा चालू होणार की नाही? होणार असेल, तर असमर्थता तात्पुरती. होणार नसेल, तर कायमची. या दोहोंचेही पुन्हा दोन भाग आहेत, पूर्ण आणि अंशतः. तेव्हा एकंदर चार खाने झाले. यातला घोटाळा असा, की पूर्ण म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे खाटेला खिळलेला माणूस येतो. कायद्याचा अर्थ तो नव्हे. अपघात झाला त्या वेळी जे जे काम तो माणूस करू शकत होता, त्यातले कोणतेच काम आता त्याच्याने होत नसेल, तर ती पूर्ण असमर्थता. मग तो चालता-फिरता असो, देवळात जाऊन बसत असो. माप घ्यायचे ते अंगाचे नव्हे, कामाचे.

अंशतः असमर्थतेसाठी कायद्याने एक यादीच दिली आहे. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद शेकडा किती घटली असे धरायचे, ते तीत लिहिले आहे. अंगठा गेला तर तीस टक्के. तर्जनी, म्हणजे अंगठ्याजवळचे बोट, पूर्ण गेले तर चौदा. मधले बोट बारा. अनामिका किंवा करंगळी सात. एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास. मनगटापासून पंजा गेला तर साठ. दोन्ही हात गेले, किंवा एक हात आणि एक पाय गेला, तर पुरे शंभर टक्के.

या टक्क्यांचे पैसे कसे होतात, तेही पाहू. कायमच्या पूर्ण असमर्थतेत महिन्याच्या मजुरीचे साठ टक्के काढायचे आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय कमी असेल तर हा आकडा मोठा, कारण पुढे कमावण्याची वर्षे जास्त. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो १८४.१७ आहे. समजा, चाळीस वर्षांच्या मजुराला महिन्याला दहा हजार रुपये पडतात. त्याचे साठ टक्के म्हणजे सहा हजार. गुणाकार केला तर ११,०५,०२० रुपये. त्याची तर्जनी गेली असेल, तर याचे चौदा टक्के, म्हणजे सुमारे १ लाख ५४ हजार ७०० रुपये. अंगठा गेला असेल, तर ३ लाख ३१ हजारांच्या वर. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. शेकडेवारीचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही! आणि ज्या घरात बोटाच्या बदल्यात पाच हजार रुपये हातावर ठेवून अंगठा घेतला जातो, त्या घरातली पोरेच शाळेत बसलेली असतात. भरपाईचा हक्क सोडून दिला, असा कागद मजुराकडून लिहून घेतला, तरी कायद्यापुढे तो रद्द आहे, हेही सांगून ठेवतो.

पण ही यादी म्हणजे शेवटचा शब्द नाही. ओरिसातल्या जयपूर गावी एका सुताराची गोष्ट घडली. चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असता १९६८ साली तो खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे, की एकच हात गेला आहे, म्हणजे असमर्थता अंशतः झाली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निकाल दिला, की हा माणूस सुतार आहे आणि एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा त्याच्यापुरती ही असमर्थता पूर्णच आहे. शिवाय भरपाई देण्याची जबाबदारी अपघात झाला त्याच दिवशी सुरू होते, निकाल लागला त्या दिवशी नव्हे, असेही न्यायालयाने सांगितले. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने हीच गोष्ट आणखी सोपी करून मांडली. डावा हात गेला, तर शरीराचे नुकसान साठेक टक्के म्हणता येईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच सरकारी कारकून असेल, तर त्याची नोकरी टिकू शकते. जखम तीच, पण काम निराळे, म्हणून माप निराळे.

कमरेला मार बसणे, पाठीचा मणका दुखावणे, अशा जखमा त्या यादीत सापडत नाहीत. गठाण अंगावर येऊन कंबर गेलेल्या हमालाचे बोट न् बोट शाबूत असते. तिथे कमाई किती घटली ते पात्र डॉक्टरने तपासून लिहायचे असते. म्हणून दाखल्यावर नुसते "पाठदुखी" येवढेच येऊ देऊ नये. "हा माणूस ओझे उचलण्याचे काम करतो आणि आता ते काम त्याच्याने होणार नाही," हे त्यात आले पाहिजे. डॉक्टर जखम पाहतात. आपला धंदा काय, ते आपण सांगितल्यावाचून त्यांना कसे कळणार?

आता आपल्या जिल्ह्याची एक अडचण सांगतो. बारमाही कारखान्यांतल्या ठराविक पगारापर्यंतच्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. १९४८च्या कायद्याने ती सुरू झाली. तिच्यात कामावरच्या जखमेसाठी, हात बंद असेल तितके दिवस, मजुरीच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम मिळत आली आहे. साध्या आजारपणात सत्तर टक्के, वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत. पण हंगामी कारखाने या योजनेतून वगळलेले आहेत. आणि हंगामी कारखाना कशाला म्हणावे, हे सांगताना कायद्याने जी नावे घेतली, त्यांत अगदी आरंभी कापूस रेचणे आणि कापूस दाबणे हीच कामे आहेत. म्हणजे केवळ जिनिंग-प्रेसिंग करणाऱ्या कारखान्यातल्या आपल्या माणसाला विम्याचे नव्वद टक्के नाहीत. त्याला आधार तो मघाशी सांगितलेल्या निम्म्या मजुरीचा आणि त्या यादीचा. यासाठीच ती यादी जिनच्या मजुराने नीट जाणून घेतली पाहिजे. त्याच्यासाठी दुसरे दार नाही.

जिनाच्या बाहेर, वावरात काय? २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला आणि शेकडो लोक दवाखान्यात पडले. मेलेल्यांचा आकडा देशभर गाजला. पण वाचलेल्यांपैकी कितीजणांना दिवसचे दिवस धड दिसत नव्हते, किती जण पुढे कित्येक आठवडे पंप उचलू शकले नाहीत, त्यांच्या बुडालेल्या रोजीचा हिशेब कोणी मांडला? कायद्याच्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशके फवारण्याचे काम नाव घेऊन नमूद केलेले आहे. ट्रॅक्टरवरचे काम आहे, यंत्राने मळणी-कापणीचे कामही आहे. तेव्हा मजुरीने फवारणी करणाऱ्या माणसाला अचानक विषबाधा झाली, तर तो कामावरचा अपघात म्हणून भरपाई मागू शकतो.

इथे प्रश्न अवघड होतो, हे कबूल केले पाहिजे. इथला मालक म्हणजे पाच एकरांचा कास्तकार. त्याच्याच डोक्यावर सोसायटीचे कर्ज. मजूर आणि तो एकाच आळीत राहतात. एकमेकांच्या लग्नाकार्याला जातात. त्याच्यावर दावा लावायला मजुराचे मन धजत नाही. आणि लावला, तरी देणार कोठून? यावर उपाय एकच दिसतो. ज्यांच्याकडे मजुरीने फवारणी किंवा मळणी होते, त्यांनी मजुरांच्या भरपाईचा विमा उतरवून ठेवावा. चारजणांनी मिळून विमा कंपनीकडे चौकशी करावी. औषध घेताना जसे हातमोजे नि तोंडाचा फडका घ्यायचा, तशीच हीही खबरदारी.

आणि ज्या विमा योजनांचे हप्ते बँकेतून परस्पर कापले जातात, त्यांत काय मिळते, तेही पाहून ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली वर्षाला बारा रुपयांवर सुरू झाली. जून २०२२ पासून हप्ता वीस रुपये आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले, किंवा एक डोळा आणि एक हात अगर पाय गेला, तरी दोन लाख. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय गेला तर एक लाख. बोट गेले तर? काही नाही. सहा महिने खाटेवर पडून मग बरा झाला तर? तरीही काही नाही. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना कास्तकारासाठी आणि त्याच्या घरातल्या आणखी एका माणसासाठी आहे. २०२३ पासून ती विमा कंपनीशिवाय, थेट सरकारी अनुदान म्हणून चालते. तिच्यात साप चावला किंवा फवारणीत विषबाधा झाली, तर तेही अपघातात धरतात. पण रकमांची वाटणी तशीच, मृत्यूला आणि दोन अवयवांना दोन लाख, एका अवयवाला एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत.

या योजना वाईट आहेत, असे मी म्हणत नाही. वीस रुपयांत आणखी किती येणार? पण त्यांत "किती दिवस?" हा प्रश्नच नाही. त्या अवयव मोजतात, दिवस मोजत नाहीत. म्हणून बँकेत विमा आहे येवढ्यावर स्वस्थ बसू नये. ज्यांना परवडते त्यांनी अपघात विम्याची खासगी पॉलिसी घेतली, तर तिच्यात तात्पुरत्या असमर्थतेसाठी दर आठवड्याला ठराविक रक्कम देण्याची तरतूद असू शकते. मात्र कलम वाचून पाहावे. "कोणतेही काम करता येत नाही" असे लिहिले आहे, की "आपले नेहमीचे काम करता येत नाही" असे? पहिल्या शब्दांत पानपट्टीवर बसून सुपारी कातरू शकणारा माणूसही बसत नाही. दुसऱ्या शब्दांत नांगर न धरू शकणारा कास्तकार बसतो. दोनच शब्दांचा फेर, पण घास त्यावर अवलंबून.

आता शिक्षक बंधुभगिनींविषयी. ज्यांची नेमणूक कायम आहे, त्यांना आजारपणाची रजा आहे, अर्धपगारी रजा आहे. आणि त्याहून मोठा आधार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा. नोकरीत असताना अपंगत्व आले, म्हणून सरकारी आस्थापनेला कोणालाही काढता येत नाही की खालच्या पदावर उतरवता येत नाही. ते काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरे काम द्यायचे. तेही नसेल, तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. सरकारी आस्थापना म्हणजे केवळ कचेरी नव्हे. जिल्हा परिषद आली आणि सरकारी अनुदान घेणारी संस्थाही आली. तेव्हा अपघातानंतर कोणी "राजीनामा देऊन टाका, सन्मानाने जा" असे सुचवले, तर सही करण्यापूर्वी हे कलम आठवावे. तासिका तत्त्वावर किंवा हंगामी नेमणुकीवर असलेल्या शिक्षकांनी मात्र आपले नेमणूकपत्र आजच काढून वाचावे. आजारपणाविषयी त्यात काही लिहिले आहे की नाही, हे आजारी पडण्याआधी कळलेले बरे.

शेवटी, अपघात झालाच तर काय करायचे, ते थोडक्यात सांगतो. मालकाला किंवा मुकादमाला त्याच दिवशी कळवावे, शक्य तर लेखी. दवाखान्याच्या कागदावर जखम "कामावर झाली" आणि किती वाजता झाली, हे लिहून घ्यावे. घरी पडलो, असे कोणाच्या भिडेखातर सांगू नये. हजेरीपटावर त्या दिवशी आपले नाव आहे ना, ते पाहावे. पहिला दाखला, मधली तपासणी आणि कामावर जाण्याचा दाखला, हे तिन्ही कागद तारखेसह जपून ठेवावेत. मालकाने महिन्याच्या आत भरपाई दिली नाही, तर पुढे तिच्यावर व्याज लागते. दावा लावायची मुदत साधारण दोन वर्षांची आहे, पण दोन वर्षे म्हणून दोन वर्षे थांबू नये. यवतमाळच्या कामगार कार्यालयात लवकर चौकशी करावी. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला, तर नव्या संहितेप्रमाणे कामावरचाच धरतात. आणि एक इशारा. दारूच्या नशेत, किंवा यंत्रावरचे संरक्षक झाकण मुद्दाम काढून काम करताना जखम झाली, तर मृत्यू किंवा कायमची पूर्ण असमर्थता सोडून बाकीच्या जखमांना भरपाई नाकारता येते. काम भराभर व्हावे म्हणून झाकण काढून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तीन दिवस, अठ्ठावीस दिवस, पाच वर्षे, चौदा टक्के, तीस टक्के. हे आकडे कोरडे वाटतात खरे. पण ज्याची मूठ वळत नाही, त्याच्या चुलीवर काय शिजणार, ते याच आकड्यांनी ठरते. आज रात्री पारावर बसाल, तेव्हा त्यांतला एखादा तरी शेजाऱ्याला सांगा. आणि गावात कोणाचा हात बांधलेला दिसला, तर "कसं झालं?" असे विचारून थांबू नका. "तारीख लिहून ठेवली का?" हेही विचारा.